केल्डरशॉचं गवत

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने पुठ्ठ्याच्या बाईला विचारलं, "माफ करा, जरा मदत कराल का?"

ती बाई चष्म्याच्या जाहिरातीसाठी दाराशी उभी केलेली होती. काउंटरमागे जेनाला हसू आवरेना.

"तिची आज सुट्टी आहे," ती म्हणाली. "माझ्यावर भागेल का?"

तो आवाजाच्या दिशेने वळला. भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटलेले, तळहातावर दोन तुकडे झालेला चष्मा, आणि बुटांना ओलं गवत.

"आवाजावरून तरी... चांगलंच भागेल," तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

जेनाने फॉर्म पुढे ओढला. नाव, नेथन क्रॉशॉ. गाव, केल्डरशॉ. तिथे तिचं पेन किंचित अडखळलं.

"काम?"

"केल्डरशॉ रोव्हर्सचं मैदान राखतो. म्हणजे... अजून तरी."

'अजून तरी'चा अर्थ तिला विचारावा लागला नाही. रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं दिवाळं निघालं होतं. कोर्टाने नेमलेला प्रशासक क्लबच्या कचेरीत येऊन बसला होता, आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कोणी विकत घेणारा मिळाला नाही, तर एकशेबारा वर्षांच्या क्लबला कुलूप लागणार होतं. डोंगराच्या अलीकडे बार्नक्लिफमध्ये दोन महिने दुसरा विषय नव्हता. बार्नक्लिफ टाउन पिवळे, केल्डरशॉ लाल, आणि दोघांमधलं वैर आजोबांच्याही आधीचं. जेनाच्या घरात टोमॅटो सॉसची बाटलीसुद्धा कपाटात लपवून ठेवायचे.

"तुम्ही फुटबॉल बघता?" नेथनने विचारलं.

"मी? छे! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

असं का बोलून गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

"बरंय तुमचं. सुखी आहात." तो हसला. "गुरुवारपर्यंत होईल ना चष्मा? शनिवारी बार्नक्लिफवाले आमच्याकडे येताहेत. मैदानावरची रेषा वाकडी आली तर त्यावरही गाणं रचतील."

"गाणं?" जेनाचा आवाज बारीक झाला.

"एक रचलंच आहे की! दिवे विकले, दारं विकली, गवत तेवढं उरलं... केल्डरशॉ, तुमचं गवतसुद्धा गाढव येऊन चरलं!" त्याने चालीसकट म्हणून दाखवलं. हसलाही. पण डोळे हसले नाहीत. "बाकीचं सोडा हो. गवताला नावं ठेवली ती मात्र लागली. पगार नसताना रोज सहाला येऊन कापतो मी ते. कुणाला सुचलं असेल, कोण जाणे."

जेनाला सुचलं होतं. टाउनची निम्मी गाणी तीच रचायची.

जुन्या काचा बसतील अशी फ्रेम दुकानातच निघाली; ती लगेच बसवताना तिला त्याच्या कानामागे हात न्यावे लागले. तो श्वास रोखून बसला. तिनेही रोखला होता, पण तिचं कारण वेगळं होतं.

मंगळवारी तो पुन्हा आला. स्क्रू ढिला वाटतोय म्हणाला. बुधवारी दुसरा स्क्रू. मग समोरच्या हॉटेलात चहा झाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. टेबलावर कप मांडून त्याने तिला ऑफसाइडचा नियम समजावून सांगितलं. साखरेचं भांडं गोलकीपर. जेना गंभीर चेहऱ्याने माना हलवत राहिली. एकदा त्याचंच चुकलं, आणि दुरुस्त करायला उघडलेलं तोंड तिने बिस्किट कोंबून बंद केलं.

"पटकन शिकतेस," तो कौतुकाने म्हणाला. "शनिवारी ये की मॅचला. मी आत सोडतो."

"शनिवारी... दुकान आहे," ती म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

गुरुवारी संध्याकाळी टाउनच्या पाठीराख्यांच्या बारमध्ये तोच वाद जुंपला होता.

"बरं झालं!" डेरेककाका ग्लास आपटत म्हणाले. "ऐपत नसताना महागडे खेळाडू आणले, आपल्याला हरवलं, आणि आता रडताहेत. दिवाळं काढलं म्हणून गुण कापलेत ते कमीच आहेत. टाळं लावा!"

"आपल्या मैदानावरचं छप्पर गळत होतं त्या वर्षी ते तीन हजार छत्र्या घेऊन आले होते," जेनाचे बाबा, बॅरी, म्हणाले. "उघडून नाचले. विसरलो नाही मी."

"टाळं लागलं तर शनिवारी शिव्या कुणाला देणार, बॅरी?" बारमागून शर्ली म्हणाली. "भिंतीला?"

"मालकाने उधळले पैसे," जेना मध्येच बोलली. "त्यात तिकिटं फाडणाऱ्यांचा काय दोष? मैदान राखणाऱ्याचा काय दोष?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मैदान राखणारा कुठून आला मध्येच?" बाबांनी विचारलं.

"उदाहरण दिलं," जेना म्हणाली, आणि तोंड ग्लासात लपवलं.

शनिवारी ती गेली. गेली नसती तर बाबांनी डॉक्टरच बोलावला असता. लाल मैदानातल्या पिवळ्या कोपऱ्यात ती मफलर नाकापर्यंत ओढून बसली. खाली गवत हिरवंगार दिसत होतं. रेषा दोरीसारख्या सरळ. आणि रेषेपाशी, बादली घेऊन, नेथन.

विसाव्या मिनिटाला मागून हाक उठली. "जेना! जेना! गाणं!"

रीतच होती ती. पहिली ओळ जेनाने म्हणायची, मग सगळ्यांनी उचलायची. चार हजार लोक तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लागले.

नेथनने वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा पाहिलं.

"काय गं, घसा बसला?" बाबांनी कोपर मारलं.

तिने मफलर आणखी वर ओढला. गाणं तिच्यावाचून सुरू झालं. तिने रचलेला एकेक शब्द तिला थांबवता येईना. नेथनने मान खाली घातली आणि बादली उचलली.

मॅच संपली. टाउन हरलं, तेही तिला कळलं नाही. गर्दी पांगल्यावर ती कठडा ओलांडून खाली उतरली. तो गुडघ्यावर बसून उखडलेलं गवत काट्याने उचलून बसवत होता.

"गाणं माझं आहे," ती म्हणाली.

"कळलं. चार हजार लोकांनी सांगितलं."

"नेथन—"

"तुला ऑफसाइड शिकवत होतो मी! साखरेच्या भांड्याने!"

"छान शिकवत होतास... जरासं चुकलं होतं, पण—"

"हसवू नकोस. मला राग आलाय, तो राहू दे." तो वळला नाही. "गाण्याचं नाही एवढं. गाणी आम्हीही रचतो. खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर चष्मा घेऊन गेला असतास. परत आला नसतास."

त्याने गवताचा आणखी एक तुकडा दाबून बसवला.

"जा," तो शेवटी म्हणाला. "तुमची बस सुटेल."

रविवार गेला, सोमवार गेला. स्क्रू ढिला झाला नाही. दुकानाचं दार वाजलं की जेना दचकायची. बातम्यांत रोज नवी अफवा. कोणी म्हणे गिऱ्हाईक आलंय, कोणी म्हणे पळालंय. गुरुवारी जेवताना तिचा काटा हातातच राहिला.

"उद्या मी केल्डरशॉला जातेय," ती म्हणाली.

"कशाला?"

"एक माणूस आहे."

बाबांनी हळूच विचारलं, "लाल?"

"गडद लाल."

बाबांनी बशी पुढे सरकवली. "चहा घेऊ नकोस त्यांच्याकडे," ते म्हणाले. "पाणचट असतो."

शुक्रवारी पावणेपाचला ती मैदानावर पोचली. फाटकाबाहेर शे-दोनशे माणसं छत्र्यांखाली मुकाट उभी होती. आत नेथन यंत्र चालवत होता. उद्या कोणी खेळणार होतं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो गवत कापत होता.

तिला बघून त्याने यंत्र बंद केलं. "शेवट बघायला आलीस?"

"पाचच्या आत एक सांगायचंय." तिला धाप लागली होती. "नंतर सांगितलं तर... क्लब बुडाला असेल तर तुला ती कीव वाटेल. वाचला असेल तर वाटेल आनंदाच्या भरात बोलली. म्हणून आत्ता. मला तू आवडतोस. त्या पुठ्ठ्याच्या बाईशी बोलत होतास ना, तेव्हापासून. संपलं. जाऊ मी?"

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने पाहिलं. "कचेरीतून आहे."

"घे ना मग!"

"वाजू दे."

"वेडा आहेस का? घे!"

"माझंही आधीच सांगायचं राहील मग." त्याने फोन मुठीत धरला. "तिकडे लांब कॉर्नवॉलला गोल्फच्या मैदानावर नोकरी मिळत होती मला. काल नाही म्हणून कळवलं. टाळं लागलं तरी या डोंगराला सोडून जायचं नाही, असं ठरवलं. राग गेलाय असं नाही हं... पण मंगळवारपासून रोज तुझ्या दुकानासमोरून दोनदा जातोय मी. बसने. वीस मिनिटं यायला, वीस जायला."

मग त्याने फोन कानाला लावला. जेना त्याचा चेहरा वाचू पाहत होती. काही कळेना. तो खाली गवतावर बसला.

"विकला गेला," तो म्हणाला. "एका बिस्किट कारखानदाराने घेतला. खालच्या गटात जाणार आहोत. निम्मी माणसं कमी करणार... मी आहे की नाही, ते सोमवारी कळेल."

फाटकाबाहेर एकदम कल्लोळ उठला. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. जेना ओल्या गवतावर त्याच्याशेजारी टेकली आणि त्याचा चिखलाचा हात हातात घेतला. त्याने काढून घेतला नाही. अजून तीन दिवस धाकधूक होती, पण ती आता दोघांत वाटलेली होती.

सोमवारी सकाळी दुकान उघडायचं सोडून ती क्लबच्या कचेरीबाहेर उभी होती. नखं संपत आली होती. दार उघडलं. तो आला.

"आठवड्यातून तीन दिवस काम," तो म्हणाला.

"आणि उरलेले चार?"

"रिकामे आहेत." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि यावेळी डोळेही हसले. "कुणी घेणारं... मिळेल?"

"मी घेते," जेना म्हणाली.