पाठीला पाठ

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्याने माणदेशात यावं, आणि तानुबाईच्या घरातलं ते घोंगडं एकदा पाठीवर घेऊन तिथल्या भिंतीला टेकून दाखवावं.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. जे घडलं ते टळटळीत दुपारी.

साल अठ्ठेचाळीस. सांगलीकडचं एक लहानसं संस्थान विलीन व्हायच्या बेतात होतं. राजांनी हौसेने पाळलेली जनावरं बागेत पिंजऱ्यांत होती. त्यांत एक लांडगीण.

तिचा राखणदार अर्जुना धनगर. ज्याच्या बापाने जन्मभर लांडगे हाकलले, तोच लांडगिणीला मटण घालायचा. लोक हसायचे. हसू देत.

लांडगीण दिवसभर चालायची. नऊ पावलं, वळण. नऊ पावलं, वळण. फरशीवर नखं वाजायची.

नानासो डॉक्टर तिचा अभ्यास करायला पुण्याहून आले. पिंजऱ्यातलं जनावर असं का चालतं, कशाने थांबतं, त्याला सुख कशात आहे, हे ते वहीत उतरवायचे. त्यांनी हाडं लपवून पाहिली, फरशीवर माती टाकून पाहिली. ती चालतच राहिली.

एका दुपारी अर्जुना दमून गजांना पाठ टेकून बसला.

टक... टक... टक...

आवाज थांबला.

मग त्याच्या पाठीला ऊब लागली. लांडगीण आतून त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. रानात मेंढरं राखताना दोन धनगर असेच बसतात. मागून कोणी येऊ नये म्हणून.

"लिवा डाक्तर," अर्जुना हरखून म्हणाला. "तिला राखण पायजे व्हती."

नानासोंनी लिहून घेतलं.

मार्चात ते म्हणाले, "अर्जुना, पाचगणीच्या वाटेला मोठं रान कुंपण घालून ठेवलंय. उद्या तिला तिथं नेऊ. गाडी येईल तेव्हा तू पाठ टेकून बस, म्हणजे ती बिथरायची नाही."

"आन मी बी जाणार न्हवं तिच्यासंगं?"

"तुझ्याशिवाय कोण आहे तिला?"

अर्जुनाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दुपारी तो बसला. नखं थांबली. ऊब आली.

"भिऊ नगंस," तो पुटपुटला. "मी हाय."

बाजूने बंदूक वाजली.

पाठीला लागलेली ऊब हळूहळू खाली घसरत गेली.

"गाडी कुठं हाय?" अर्जुनाने विचारलं. त्याला अजून कळलंच नव्हतं.

नानासोंनी वही मिटली. "बाग बंद होतेय. तिला कोणी घेईना. पण भ्यायला वेळसुद्धा मिळाला नाही बघ तिला. तू होतास म्हणून."

एवढा दगा दिला, आणि वर उपकार केल्यासारखं बोलणं! अर्जुना तसाच उठला आणि माणदेशातल्या आपल्या गावी निघून आला. पुन्हा मेंढरं राखू लागला.

पहिल्याच दुपारी मेंढरं बाभळीखाली विसावली होती. वारा पडलेला. आणि त्या मऊ मातीत...

टक... टक... टक...

दगडी फरशीवर वाजावीत तशी नखं. नऊ पावलं. वळण.

कुत्रं शेपूट घालून पळालं. मेंढरं मात्र निवांत रवंथ करत होती.

सूड घ्यायला आली, अर्जुनाने ओळखलं. तो खाली बसला. मानेवरचं घोंगडं त्याने खाली ओढलं.

"चाव बाय. माझं चुकलं."

आवाज थांबला. अगदी मागे.

उघड्या मानेवर गरम श्वास...

मग पाठीला ऊब.

संध्याकाळी त्याची बायको तानुबाई म्हणाली, "आवं, घोंगड्याला ही क्येसं कसली?"

राखाडी केस. झटकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते.

असं अकरा वर्षं चाललं. रोज दुपारी तो मान उघडी टाकून बसायचा आणि रोज तसाच घरी यायचा. शेवटी शेवटी पार खंगला.

"ती चावत का न्हाई गं?" तो तानुबाईपाशी रडायचा. "मी फशिवलं, ह्ये तिला ठावंच न्हाई. तिला वाटतंय मी अजून राखतुया."

अर्जुना गेला. घोंगडं घराच्या मागच्या भिंतीवर खुंटीला आहे. भर दुपारी त्या भिंतीपलीकडे नखं वाजतात. नऊ पावलं, वळण. भिंतीला कोणी पाठ टेकली, की थांबतात.

म्हणून तिथं कोणी टेकत नाही. तिला खरं काय ते सांगायचं कोणी, हे अजून त्या घरात ठरलेलं नाही...