एकाच माणसासाठी

एस्टोनियातल्या हीउमा बेटाकडे जाणारी फेरीबोट नोव्हेंबरात जवळपास रिकामी असते. कॉफीला डिझेलचा वास येतो, आणि खिडकीबाहेर समुद्र कुठे संपला नि आभाळ कुठे सुरू झालं हे कळायला डोळे बारीक करावे लागतात. मी कामाला चालले होते, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

माझं काम दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचं. आजारी माणसासाठी बनवलेलं कुठलंही यंत्र युरोपात विकायचं, तर आधी आमच्यासारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. आम्ही हो म्हटलं की त्यावर शिक्का बसतो. ताल्लिनच्या कचेरीत माझ्यामागे मला 'कात्री' म्हणतात. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडतं.

या खेपेचं यंत्र काउर लानेमेट्स या तरुणाचं होतं. बेटावरच्या कॅर्दला गावात जुन्या लोकर गिरणीच्या माडीवर त्याची छोटीशी कंपनी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ठेवायची जुनिपरच्या लाकडाची पेटी, नाव 'सोबती'. पेटी माणसाचा श्वास ऐकायची. वर एक हिरवा दिवा होता, तो श्वासाबरोबर चढायचा, उतरायचा. श्वास थांबला की काउरच्या आणि नर्सच्या फोनवर घंटा वाजायची. चाचणीसाठी बेटावरच्या काही घरांत पेट्या दिल्या होत्या, आणि सगळीकडे त्या चोख चालत होत्या. फक्त एका घरात नाही. हेल्यू वाइक नावाच्या बाईंच्या घरी पेटी दोन माणसांचे श्वास मोजत होती, आणि बाई एकट्या राहत होत्या.

"मॅडम, एक विनंती," गाडी चालवता चालवता काउर म्हणाला. "आजींसमोर 'दोष' म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"त्या एन्देल म्हणतात."

एन्देल म्हणजे बाईंचा नवरा. जन्मभर त्या लोकर गिरणीत राबला आणि छातीच्या दुखण्यानं गेला. सोबतीची पहिली पेटी तयार झाली त्याच्या कितीतरी आधी.

"त्याचा आवाज चुकून कुठून पेटीत शिरला असेल? एखादी जुनी टेप, दवाखान्यातली तपासणी?"

"मॅडम, एन्देलआजोबांनी आयुष्यात स्वतःचा फोटो धड काढू दिला नाही. टेप कुठली करून देतायत!"

घर बेटाच्या टोकाला, कोपूच्या पाइन झाडीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळायच्या आतच अंधारून आलं होतं आणि अंगणातल्या सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघत होता.

"तुमच्यासाठी तापवलेला नाही हां," दारात उभ्या असलेल्या हेल्यूबाई म्हणाल्या. "आशा लावून बसू नका."

आत्म्यांचे दिवस होते, गेलेली माणसं घरी येतात ते. खिडकीत मेणबत्ती, टेबलावर एक जास्तीचं ताट, त्यात राय धान्याचा काळा पाव आणि धुरी दिलेला मासा. माझी आजीही या दिवसांत हेच करायची आणि आम्हा पोरांना मोठ्यानं बोलू द्यायची नाही. त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

"तूच का ती शिक्केवाली?" बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाटलं होतं जाडजूड कोणी असेल. बस. आधी खा."

"आधी काम, आजी."

"हो का? मग तो मासा गार होईल आणि तू उपाशी राहशील. माझं काय जातंय?"

मी खाल्लं. मग कामाला लागले.

झोपायची खोली लहान होती. पलंग, कपाट, एक खुर्ची, उशाशी पेटी. मी फ्रिज बंद करवला, पाण्याचा बंब बंद केला, धुराड्याची झडप लावली. कुत्रं नव्हतं. शेजार म्हणावा असा जवळ नव्हता. हेल्यूबाईंना पलंगावर बसवलं आणि दिवा पाहिला. त्यांचा श्वास उथळ होता, चिमणीसारखा भराभरा. हृदयाचं दुखणं जुनं होतं. झोपेतच कधीतरी थांबेल, असं डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यासाठीच तर पेटी होती.

काउरच्या हातातल्या पडद्यावर त्या श्वासाची रेघ दिसत होती. आणि तिच्याखाली दुसरी रेघ. लांब, संथ. वर गेली की तिथे जराशी थरथरायची आणि मग खाली यायची.

"गिरणीतली धूळ," हेल्यूबाई पडद्याकडे न पाहताच म्हणाल्या. "वर गेला की अडकायचा. किती वर्षं शेजारी पडून ऐकलंय मी ते. वेगळं काय सांगू तुला?"

मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून पडदा पाहिला. वरची रेघ गेली. खालची चालूच होती.

मी दार उघडून आत पाऊल टाकलं. त्या क्षणी ती रेघ थांबली, अनोळखी कोणी खोलीत आलं की माणूस थबकतो तशी. मग पुन्हा सुरू झाली. मी पलंगाजवळ वाकून कान दिला. काही ऐकू आलं नाही. दुसरी उशी गार होती. खोलीत जुनिपरचा वास होता, बाकी काही नाही.

मला कारण सापडलं नाही. अशा वेळी आमच्या धंद्यातली माणसं एकच करतात, कारण सोडून देतात आणि नियम धरतात. मला नियम लगेच सापडला. माणसाचा श्वास ही त्याच्या तब्येतीची खासगी गोष्ट आहे, आणि युरोपात ती त्याच्या संमतीवाचून कोणाला ऐकता येत नाही. ही दुसरी रेघ कोणाचीही असो, त्याची संमती कुणी घेतलेली नव्हती.

"पेटी एकाच माणसासाठी आहे, बरोबर?" मी काउरला स्वयंपाकघरात विचारलं.

"हो."

"मग तिला विचारायला लाव. सुरू झाली की विचारायचं, ज्याची संमती असेल त्यानं सूर वाजेपर्यंत श्वास रोखून धरावा. जो रोखेल त्याचं ऐकायचं, बाकीचं टाकून द्यायचं."

ही पद्धत त्याच्याकडे तयारच होती. अर्धांगानं वाचा गेलेल्यांसाठी त्यानं ती केली होती. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला.

"म्हणजे हवेला विचारायचं, हवा काही उत्तर देणार नाही, आणि दुसरी रेघ गायब. कमाल आहे तुमची, मॅडम."

मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हेल्यूबाई पाव कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे एकालाच जागा?"

"हो, आजी."

"आणि कोण राहणार ते कोण ठरवणार? तू?"

"मी नाही. जो हो म्हणेल तो राहील."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कापलेला पाव त्या जास्तीच्या ताटात ठेवला.  आम्ही निघताना त्यांनी माझा हात धरला. "तो गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात चूल पेटवत होते गं. त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. आता पुन्हा त्याला बाहेर काढायचं?"

मला त्यांची दया आली. पण दयेसाठी आमच्याकडे शिक्का नाही. मी म्हटलं, "आजी, पेटी तुमच्या जिवासाठी आहे."

डिसेंबरात काउरनं सगळ्या पेट्यांत तो बदल केला. हेल्यूबाईंच्या घरून एकच रेघ येऊ लागली. संमती मिळालेली, श्वास नियमित. मी मान्यता दिली, शिक्का बसला, आणि कचेरीत माझ्या डोकेबाजपणाचं कौतुकही झालं.

बर्फ पडून घट्ट झाल्यावर काउरचा फोन आला.

"मॅडम, आजी गेल्या." तो म्हणाला. "मी पाव द्यायला गेलो तर... डॉक्टर म्हणतात, बरेच दिवस झाले असावेत."

"घंटा?"

"वाजलीच नाही. मी रोज फोनवर बघत होतो, दिवा हलतोय ना एवढंच. रोज दिवा हलत होता, मॅडम. आत्ताही हलतोय."

असं काही झालं की पेटी जिथल्या तिथे ठेवून तपासायची असते. मी दुसऱ्याच दिवशी बेटावर पोचले. अंगणात सॉनाभोवती बर्फ साचलं होतं. टेबलावर दोन ताटं होती. खोलीतला पलंग उघडा होता, गादी नेलेली. उशाशी पेटी होती आणि तिचा दिवा चढत होता. वर जराशी थरथर, मग उतरत होता.

काउर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "बदल केला तेव्हा मी इथेच होतो. पेटीनं विचारलं. आजी खुर्चीत होत्या. त्यांनी श्वास रोखला नाही."

"मग संमती कशी नोंदली गेली?"

"सूर वाजला, पेटी 'धन्यवाद' म्हणाली. आजी तेव्हा बोलत होत्या, मॅडम. सबंध वेळ बोलत होत्या. हवा, बटाटे, काहीबाही. मला वाटलं पेटीनं कुठेतरी मधला श्वास धरला असेल. संध्याकाळची बोट गाठायची होती. मी नीट पाहिलंच नाही."

मी खुर्चीत बसले.  हेल्यूबाईंना एकच जागा मिळत होती, आणि ती त्यांनी देऊन टाकली होती. मी त्यांना तसं करायला शिकवलं होतं, तेही त्या पाव कापत असताना.

"खोकं घेऊन ये," मी काउरला म्हटलं. तो गाडीकडे गेला.

पेटी उचलण्याआधी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. हाही आमचाच नियम. मी कळ दाबली. दिवा विझला. खोली एकदम फार शांत झाली.

मी पुन्हा कळ दाबली.

"नमस्कार," पेटी म्हणाली. "खोलीत तीन व्यक्ती आहेत."

खोलीत मी एकटी होते.

"हे यंत्र एकाच माणसासाठी आहे. ज्यांची संमती असेल, त्यांनी सूर वाजेपर्यंत श्वास रोखून धरावा."

मला भीती वाटली. भीतीनं श्वास आपोआप अडकतो, म्हणून मी तोंड उघडून मुद्दाम मोठमोठ्यानं श्वास घेत राहिले. धापा टाकल्यासारखे. माझ्या तोंडाची वाफ समोर दिसत होती.

सूर वाजला.

"धन्यवाद. संमती मिळाली."

हिरवा दिवा पेटला. मी तो लांब, संथ चढ येईल म्हणून वाट पाहत राहिले, वरच्या थरथरीसकट.

तो आला नाही.

दारात काउर खोकं घेऊन उभा होता. दोन वर्षं तो रोज हा दिवा पाहत आला होता. त्यानं खोकं हळूच खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

दिवा उथळ चढत-उतरत होता, भराभरा, चिमणीसारखा.