आडवे ओघळ

काळ्या रंगाचे ओघळ उजवीकडून डावीकडे गेले होते. खाली एकही उतरला नव्हता. मैत्रेयीने नखाने एकाचं टोक खरवडून पाहिलं. कडकडीत वाळलेलं.

मन्नाएखेळ्ळी गावच्या विहारात सकाळी या चित्रावरचा पडदा सरला आणि जमलेली माणसं पुढे सरकली. अजिंठ्याचा बोधिसत्त्व, हातात कमळाऐवजी दख्खनी लघुचित्रातली मैना, भोवती बिदरच्या जुन्या मदरशाच्या निळ्या फरश्यांची किनार. तीन काळांतलं एकत्र आणूनही कुठे सांधा दिसत नव्हता. फक्त किनारीच्या कोपऱ्यात काळं फासलेलं.

विहाराचे अध्यक्ष भीमराज यांनी लगेच पुतणीला बोलावून घेतलं. मैत्रेयी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

"हॉलची किल्ली दीपमालाकडे होती," चित्रकार प्रशांतकुमार म्हणाले. झब्ब्याला अत्तर, नखांत रंगाचा कणही नाही. "माझीच विद्यार्थिनी. जळली माझ्यावर. दुसरं काय?"

दीपमाला खांबाशी उभी होती. विहाराची मोठी भिंत तू स्वतंत्र रंगव, म्हणून भीमराज वर्षभर तिच्या मागे लागले होते. ती 'सांगते' म्हणायची आणि सरांच्या भीतीने सांगायची नाही. आज हे काळं तिच्या नावावर बसलं, तर भिंत काय, तिला कुंपणही कुणी रंगवायला देणार नव्हतं.

"सर, चित्र इथं कुणी आणलं?" मैत्रेयीने विचारलं.

"मीच. काल, जीपमधून."

"उभं?"

"एवढं उंच उभं कसं मावेल? कुशीवर टेकवून. घरीही तसंच होतं. छत बुटकं आहे."

"टांगल्यावर पुन्हा उतरवलं?"

"कोण उतरवतंय?" भीमराज म्हणाले. "गावची पोरं लागली चढवायला. झाकलेलंच चढवलं."

"मैनेचा काळा छान आहे, सर. कसा केलात?"

प्रशांतकुमार खुलले. "बिदरच्या किल्ल्यातली माती. बिदरी भांड्यांचे कारागीर वापरतात तीच. तो गूढ काळा मी कॅनव्हासवर आणला."

मैत्रेयीने त्यांच्याकडे कोऱ्या उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं बघितलं.

"ती माती काळी नसते, सर. नवसागराच्या पाण्यात कालवून लावली की जस्ताचं भांडं काळं पडतं. कापडावर तिचा नुसता चिखल होतो."

"मैनेत दिव्याची काजळी हाय, अक्का," दीपमाला हळूच म्हणाली.

"ऐका, अप्पा," मैत्रेयी भीमराजांकडे वळली. "टांगलेल्या चित्राला काळं फासलं तर ओघळ खाली येतात. हे आडवे गेलेत. म्हणजे चित्र कुशीवर असताना फासलं. कुशीवर ते फक्त सरांच्या घरी आणि जीपमध्ये होतं. शिवाय चिडलेलं माणूस चेहऱ्याला काळं लावतं. इथं एक फरशी तेवढी झाकली. दीपमाला, काय होतं त्या फरशीत?"

"माझं नाव. नक्षीत गुंफलेलं."

"चित्र हिनं काढलं. सरांना नाव उशिरा दिसलं. आळ घालायला किल्लीवाली तयारच होती. खरं तर नुसती निळी फरशी रंगवली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण तेवढा निळासुद्धा सरांना जुळवता आला नाही."

"चित्रामागे गुरूचा हात असतो," प्रशांतकुमार पुटपुटले.

"दिसायलाय की हात," काळ्या डागाकडे बघत भीमराज म्हणाले. मग दीपमालाकडे वळले. "भिंतीचं काय, पोरी? आता तरी बोल."

दीपमालाने पदराने घाम पुसला.

"मी रंगवते, अप्पा. खाली नाव माझंच लिहिणार. सरांच्या घरी आता जाणार न्हाई."