चादरीखालची टाकी

"प्रेमलाताई, फोन आडवा धरा. उभा धरलात तर निम्मी टाकी बाहेर राहील," वेणीमाधव सर म्हणाले आणि त्यांनी सुतळीची गाठ सोडली.

गुरुवार, सकाळचे अकरा. जुळे सोलापुरातल्या सरांच्या हॉलमध्ये चार माणसं उभी होती आणि चौघांची नजर एकाच चादरीवर. पांढऱ्या चादरीवर लाल मोर. तिच्याखाली चारशे लिटर खारं पाणी, आणि त्या पाण्यात सोळा वर्षांची जोकर माशांची जोडी. जिलबी आणि बुंदी.

सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि हा निवृत्त प्राणिशास्त्राचा मास्तर हॉलमध्ये समुद्र मांडून बसलेला! लोक हसायचे. सर त्यांना हसू द्यायचे.

चादर खाली आली.

टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. सरांनी काचेला नाक लावलं. तळाशी, दगडाच्या कडेला, दोन केशरी मासे आडवे पडले होते.

"जिलबी..." सर म्हणाले.

शेजारच्या प्रेमलाताईंनी व्हिडिओ बंद केला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेली बाई. पांढरं पाणी म्हणजे काय, हे त्यांना लगेच कळलं. जिवाणू. कोट्यवधी. पण इतके आले कुठून?

सर गर्रकन वळले. "काय घातलंस तू माझ्या टाकीत?"

हा प्रश्न संगमेशला होता. सरांचा जुना विद्यार्थी, होटगी रोडवर त्याचं माशांचं दुकान. बारा वर्षं दर सोमवारी हीच टाकी साफ करायला यायचा. महिनाभर वाळूवर तांबडं शेवाळ पसरत होतं, म्हणून त्यानेच उपाय सुचवला होता. पाण्यात जिवाणूंचं औषध टाकायचं. शेवाळ ज्यावर जगतं तेच हे जिवाणू फस्त करतात. वर तीन दिवस चादर गुंडाळून अंधार. शेवाळाला खाणंही नाही आणि उजेडही नाही.

"सर, मोजून सांगितलं होतं की. रोज एक टोपण. तुमीच टाकत होता खालच्या कपाटातल्या गाळणीच्या टाकीत, चादर न काढता. माझ्या हातनं काय झालं न्हाय ओ."

"मग बाटलीच नासकी असेल! सोळा वर्षं, संगमेश. सोळा वर्षं जपलं मी त्यांना. किल्ली ठेव."

"सर..."

"घराची किल्ली ठेव टेबलावर. आणि शनिवारी त्या हॉटेलवाल्यांना मी काय सांगायचं, तेही आता ठरलं."

संगमेशचा चेहरा उतरला. नव्या हॉटेलच्या दर्शनी हॉलमध्ये मोठी टाकी बसणार होती. हॉटेलवाले सरांच्या शब्दावरच काम देणार होते. सरांनी नाही म्हटलं, तर गावात त्याला कोण टाकीला हात लावू देणार? त्याने किल्ली ठेवली. चप्पल घालताना त्याला पट्टा लावता येईना, तसाच गेला.

"बाबा, एवढं नका बोलू त्याला," उत्कर्षा म्हणाली. सरांची एकुलती एक मुलगी, शनिवारी पुण्याहून आलेली. माशांची नावं तिनेच ठेवली होती, अकरावीत असताना. "बुधवारी दुपारी लाईट गेली होती. दोन ते सहा. तुम्ही झोपला होतात. हवेचा पंप बंद पडला असेल."

"मग त्याने बॅटरीचा पंप लावून ठेवायला नको?" सर खुर्चीत कोसळले. "रविवारची तिकिटं काढ, उत्कर्षा. दोन. आता इथे माझं काय राहिलंय?"

हे वाक्य ऐकायला उत्कर्षा दोन वर्षं थांबली होती. दोन वर्षांपूर्वी सर न्हाणीघरात घसरून पडले आणि चार तास कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, पुण्याला चला. आणि सरांचं एकच उत्तर, ही दोघं जिवंत आहेत तोवर सोलापूर सोडणार नाही.

ती चहा घेऊन आली. "मावशी, गुळाचा चालेल ना? साखर संपलीय."

"चालेल की," प्रेमलाताई म्हणाल्या आणि घोटभर पिऊन थांबल्या. रविवारी हिने शिरा केला, तेव्हा किलोची पिशवी त्यांनीच आणून दिली होती. मधुमेही सरांच्या घरात साखर नावालाही नसायची.

पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून संगमेशची ती चप्पल जात नव्हती. निम्मीच चाचणी करून अहवाल लिहायचा? एकतीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"सर, जरा बघू का?"

"बघा. आता काय उपयोग?"

कपाटात औषधाची बाटली होती. अडीचशे मिलीची, टोपण दहाचं. सोमवार ते बुधवार तीन टोपणं. बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती.

बाजूला टाकीच्या दिव्याचा टायमर होता, गोल डायलचा, जुना.

"हा लाईट गेल्यावर थांबतो ना, सर?"

"थांबतो आणि मागे पडतो. मग मलाच हाताने फिरवावा लागतो."

"या तीन दिवसांत फिरवलात?"

"टायमर चालूच होता, पण दिवाच बंद ठेवलेला. कशाला फिरवू?"

डायलवर साडेअकरा वाजले होते. प्रेमलाताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

फ्रिजवर संगमेशच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली होती. 'रोज एक टोपण. हवेचा पंप बंद पडू देऊ नये, जिवाणू पाण्यातली हवा खातात. यूट्यूबवाले साखर घाला, व्हिनेगर घाला म्हणतात, तसलं काहीही घालू नये. गुरुवारपर्यंत चादर उघडू नये.'

"उत्कर्षा, या दिवसांत घरात कोण कोण आलं गं?"

"कुणीच नाही. सोमवारी संगमेश गेला, तेव्हापासून मी घरातच आहे."

"चादर कुणी उघडली होती?"

"छे! त्याने बांधली तशीच होती."

तिने उत्तर फारच पटकन दिलं होतं. प्रेमलाताईंनी कप विसळून ठेवला आणि रिक्षा बोलावली.

दुकानात संगमेश स्टुलावर नुसता बसला होता. शटर निम्मं ओढलेलं.

"अक्का, तुमी बी भांडायला आला काय?"

"विचारायला आले. तीच बाटली आणखी कुठे वापरलीस?"

"त्याच खोक्यातली दुसरी, ह्या टाकीत. सोमवारीच. बघा की."

टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. वाळूवर तांबडं शेवाळ नावालाच उरलं होतं. मासे आपले मजेत फिरत होते.

"सरांच्या टाकीवर चादर कशी बांधलीस?"

"लाल बाजू वर. सरांनी फोटो टाकला की ग्रुपवर." त्याने फोन पुढे केला. सोमवारचा फोटो. लाल चादरीवर पांढरे मोर.

प्रेमलाताईंनी फोटो पाहिला. मग स्वतःच्या फोनवरचा सकाळचा व्हिडिओ लावला. दोनदा लावला.

"अक्का," संगमेश खाली मान घालून म्हणाला, "बारा वर्षांमागं सरांनी किल्ली दिली, तवा मी आईला दावली होती. म्हटलं, बघ, सरांचा माझ्यावर किती इस्वास हाय. आज चोरावानी मागून घेतली ओ. लई लागलं."

"उद्या दहाला सरांकडे ये."

"मी न्हाय येनार."

"तू आला नाहीस तर हे खोटं तुझ्याच नावावर राहील. ये."

शुक्रवारी दहा वाजता तो आला, पण दारातच उभा राहिला. सर त्याच्याकडे बघेनात. उत्कर्षा बॅगा भरत होती.

प्रेमलाताईंनी ती चादर टेबलावर पसरली. "सर, हिची सुलटी बाजू कुठली?"

"आपल्या सोलापुरी चादरीला सुलटी-उलटी कुठे असते? दोन्हीकडून सारखीच."

"नक्षी सारखी. रंग उलटे. इकडून लाल चादर, पांढरे मोर. तिकडून पांढरी चादर, लाल मोर. आपण जन्मापासून हीच पांघरतो, म्हणून कुणी बघत नाही." त्यांनी दोन्ही फोन शेजारी ठेवले. "सोमवारी बांधली तेव्हा लाल बाजू वर. गुरुवारी सोडली तेव्हा पांढरी. मधे कुणीतरी ती काढली आणि घाईत उलटी बांधली."

सरांनी संगमेशकडे बोट केलं. "किल्ली याच्याकडे होती!"

"होती. पण घरात कुणीच आलं नाही, असं उत्कर्षाच म्हणाली. ती घरातून हलली नाही. मग राहिलं कोण? तुम्ही आणि ती."

प्रेमलाताईंनी चादरीची घडी घालून ती बाजूला ठेवली.

"आता पाणी. पांढरं झालं, कारण जिवाणू माजले. बाटली उपडी केली असती तर माजले असते, पण बाटलीतून तीनच टोपणं गेली आहेत. औषध नासकं म्हणावं, तर तेच औषध संगमेशच्या दुकानात चाललंय आणि तिथले मासे ठणठणीत आहेत. मग इथल्या जिवाणूंना खायला काय मिळालं? साखर, सर. पाऊण किलोच्या वर. रविवारी मी किलोची पिशवी आणली. शिऱ्याला दीड वाटी लागली. तुम्ही साखर खात नाही. काल मला गुळाचा चहा मिळाला."

उत्कर्षाच्या हातातली साडी तशीच राहिली.

"साखर मिळाली, जिवाणू फोफावले. त्यांनी पाण्यातली हवा संपवली. वर पंप बंद केला, म्हणजे नवीन हवाही नाही. काय करू नये ते सगळं संगमेशने चिठ्ठीत लिहिलं होतं. कुणीतरी ती चिठ्ठी वाचून नेमकं तेच केलं."

"पंप लाईट गेल्यामुळे..." सर पुटपुटले.

"लाईट गेलीच नाही. गेली असती तर तुमचा टायमर चार तास मागे पडला असता. काल तो मिनिटाला बरोबर होता." प्रेमलाताई उत्कर्षाकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "लाईटचं तू बोलली नसतीस, तर मी टायमरकडे बघितलंही नसतं. का बोललीस?"

"संगमेशला..." उत्कर्षाने पदराने तोंड दाबलं. "तो किल्ली ठेवत होता, तेव्हा मला बघवेना, मावशी. याच्यावर येईल असं डोक्यातच नव्हतं माझ्या. मला वाटलं, म्हातारे मासे, मेले म्हणतील."

सर उठले. बसले. पुन्हा उठले.

"तू?"

"बाबा, रात्री फोन वाजला की मी दचकून उठते. दोन वर्षं! तुम्ही चार तास ओल्या फरशीवर पडला होतात. परत पडलात तर? अकरा वेळा विचारलं मी तुम्हाला. अकरा वेळा तुम्ही माशांचं नाव सांगितलंत. माझ्यापेक्षा मासे मोठे झाले तुम्हाला?"

"मोठे नव्हते गं. तू पुण्याला गेलीस, तेव्हा मागे ठेवून गेलेलं ते एवढंच होतं. तू नावं ठेवलेली." सरांनी चादरीकडे बोट केलं. "चादर का उघडलीस?"

ती बॅगेची चेन ओढू लागली.

"सांग. साखर तर खालूनही घालता येते. चादर का काढलीस?"

"बघायचं होतं त्यांना. एकदा शेवटचं." ती ओक्साबोक्शी रडू लागली. "वर येऊन तोंड उघडत होते दोघं. मला वाटलं पंप लावावा. हात गेला होता बटणापाशी, बाबा."

"आणि?"

"आणि मी चादर परत बांधली."

मग सर शांतपणे म्हणाले, "माझं तिकीट रद्द कर. पडलो तर पडेन. पण तुझ्या हातचं पाणी प्यायला आता मन धजावणार नाही माझं."

उत्कर्षा आत गेली आणि दार लोटून घेतलं. प्रेमलाताईंना त्या क्षणी स्वतःचाच राग आला. खरं काढलं खरं, पण या म्हाताऱ्याकडे आता उरलं काय?

सरांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि दारापाशी गेले. "संगमेश, चुकलो मी. पोटच्या पोरीला काही न विचारता तुलाच चोर ठरवलं. हॉटेलवाल्यांना आत्ताच फोन करतो. ही घे."

संगमेशने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"टाकी साफ करतो की, सर. दगड धुतो, पाणी बदलतो. तुमी म्हनाल तर नवी जोडी बी आनतो." तो बादली घ्यायला आत आला. "दर सोमवारी यीन. पन आता किल्ली नको. बेल वाजवून यीन."