पाच फूट चार इंचांची सेंटर

"हे कोणी लिहिलं?" मी यादीवर बोट आपटलं.

टेबलामागचा मुलगा दचकला. कानामागे पेन्सिल, पुढ्यात गुणपत्रक... आमच्या मॅचचे गुण लिहिणारा स्कोअरर. "मी. का... काय चुकलं?"

"माझ्या नावापुढे गार्ड लिहिलंय. मी सेंटर आहे."

त्याने मला खालून वर पाहिलं. फार वेळ लागला नाही, कारण मी आहेच मुळी पाच फूट चार इंच.

"सेंटर म्हणजे बास्केटखाली खेळणारी, संघातली सगळ्यात उंच मुलगी," तो समजावायला लागला. "बॉल पुढे घेऊन जायचं काम बुटक्या... म्हणजे, चपळ मुलींचं. त्या गार्ड."

"बुटक्या म्हणालात, ऐकलंय मी."

तो कानापर्यंत लाल झाला. मला भारी बरं वाटलं. पण गंमत बाजूला, माझा जीव टांगणीला लागला होता. निवड संघात गार्डच्या जागा भरल्या होत्या. सेंटरची एकच उरली होती, आणि ती ताडचीच, असं सगळे धरून चालले होते. ताड म्हणजे सहा फुटांची आमची मैत्रीण.

"जागा उंचीवर ठरते की कामावर?" मी विचारलं. "गेल्या मॅचमध्ये हुकलेले बॉल सगळ्यात जास्त कोणी पकडले? बघा की, तुम्हीच लिहिलंय."

त्याने कागद उलटले. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. "चौदा... तुम्हीच. ताडपेक्षा पाच जास्त." मग हळूच म्हणाला, "यादी अजून मॅडमकडे गेलेली नाही. गुपचूप बदलू का?"

"गुपचूप? मी काय चोरी केलीय? मॅडमना सांगा, मला ताडसमोर सेंटर खेळू द्या."

निवड करणाऱ्या मॅडम करड्या शिस्तीच्या होत्या. "शनिवारी खेळ," त्या म्हणाल्या. "तिच्या संघाला हरवलंस तर जागा तुझी. नाहीतर हा हट्ट कायमचा बंद."

त्या आठवड्यात सराव संपला की पेन्सिलराव जुनी गुणपत्रकं घेऊन पायऱ्यांवर हजर. वाद घालायला, असं तो म्हणायचा. तुम्ही-तुम्ही कधी गळून पडलं, आम्हाला कळलंही नाही.

"उद्या ताडने बॉल पुढे आणला तर ती गार्ड होणार का?" तो विचारायचा. "मग जागांना अर्थ काय राहिला?"

"अर्थ आहे ना. बॉल रिंगवर आपटून परतला की बाकीच्या चौघी कोणाच्या भरवशावर असतात? ती सेंटर."

तो नुसता बघत राहिला... आणि मी उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

शनिवारी मी जीव तोडून खेळले. ताड वरून यायची, मी पाय रोवून तिला पाठीने मागे रेटायची. कोपर लागलं, गुडघा सोलवटला. शिट्टी वाजली तेव्हा फलकावर आकडे होते... एक्केचाळीस–चाळीस. आम्ही एका गुणाने हरलो होतो.

डोळे भरून आले, पण मान खाली घातली नाही. ताडशी हात मिळवला. रेफ्रीने गुणपत्रकावर सही करायला पेन काढलं. त्या सहीनंतर आकडा बदलत नाही.

"थांबा," स्कोअरर उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "तिसऱ्या क्वार्टरमधली हिची एक बास्केट लिहायची राहिलीय. दोन गुण."

हॉलभर कुजबुज. मी तरातरा टेबलापाशी गेले. "दया नकोय मला," मी पुटपुटले.

"दया कसली?" मागून ताड बोलली. "माझ्याच डोक्यावरून टाकलेली बास्केट ती. मलाही वाटलं, फलक मागे कसा?" रेफ्रीनेही मान डोलावली. फलक बदलला... आता आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

मॅडम पुढे आल्या. "टेबलावर बसून बास्केट लिहायची राहतेच कशी? काय करत होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाला, "तिच्याकडे बघत होतो, मॅडम. बॉल पकडून ती वळली ना... तेव्हा लिहायचं भानच राहिलं नाही."

हॉल हास्याने दणाणला. मॅडमना मात्र हसू आलं नाही. आलं असेल तर त्यांनी गिळलं. त्यांनी यादीत माझ्या नावापुढचं 'गार्ड' खोडून स्वतःच्या हाताने 'सेंटर' लिहिलं. त्या एका शब्दाने माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं असती तर तुटली असती. मग त्या त्याला म्हणाल्या, "आणि तू, उद्यापासून या टेबलावर दिसायचं नाही."

बाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. "रागावलीस?"

"काम गेलं तुझं, आणि मला विचारतोस?"

"एकदा खरं बोललो, त्याचा अभिमान आहे. आणि तुझा तर... त्याहून जास्त."

"मला आवडतोस तू," मी सरळ सांगून टाकलं. "आता गॅलरीत बसत जा. तिथून बघायला कोणाची हरकत नाही."

"आणि मॅच नसेल तेव्हा?"

"तेव्हा घरी ये. बाबांना अजून पटत नाही मी सेंटर आहे ते. तूच पटव."

तो निघालासुद्धा!

"अरे, आज नाही!" मी धावत जाऊन त्याची बाही पकडली. पकडलेलं सहजी सोडायची सवय मला नाही, हे तोवर त्याला कळून चुकलं होतं.