दातांत धरलेला गुलाब

सुतकातली बाई पहाटेच्या अंधारात परक्याच्या दारात उभी होती. त्रिंबकरावांनी कडी काढली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढला.

"मी रुक्मिणी. मंडीतल्या बबनरावांची."

तिचे हात मोकळे होते. बांगड्या रात्रीच फुटल्या होत्या. मनगटावर काचेचा एक ताजा ओरखडा दिसत होता.

त्रिंबकरावांनी तिला आत घेतलं. बरीच वर्षं त्यांनी मोमिनाबादेतल्या वकिलांसाठी साक्षी-पुरावे धुंडाळले होते. आता लोक वकिलाच्या आधी त्यांच्याकडे येत. गावाला सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणत, लोकांच्या तोंडी ते आंबेजोगाईच होतं. अंगणात घोड्याला हरभरे चारणारा उत्तरेश्वर टांगेवालाही आत आला. त्रिंबकरावांचा टांगा तोच हाकी आणि त्यांच्या प्रत्येक कामात डोकं घाली.

"काल दिवेलागणीला मालक गेले," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "गादीवरच. तोंडात साखरेचा गुलाब हुता. अमीनसाहेबांनी साखरेची फुलं शिकवणाऱ्या सावित्रीबाईला धरलंय. उद्या सकाळी तिला बीडच्या तुरुंगात धाडणार. तिनं केलं न्हाई."

"कशावरून?"

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"बाई, मला सांगितलं नाहीत तर मी काय करणार?"

"मला ठावं हाय, एवढंच. ते कसं, ते नका इचारू." त्या उठल्या. दारात थांबून त्यांनी परत तोंड उघडलं, मिटलं आणि बोळात निघून गेल्या.

उत्तरेश्वर डोकं खाजवत म्हणाला, "नवरा जळून रात्र न्हाई झाली, आन मारणारीची बाजू घेती. लई इपरीत."

"टांगा जोड," त्रिंबकराव म्हणाले.

कोतवालीत पोलिसांच्या अमीनसाहेबांनी गुलाब कागदात गुंडाळून ठेवला होता.

"मामला साफ आहे, त्रिंबकराव. हकीमजी म्हणतात, बचनाग. जीभ बधिर होते, मग काळीज थांबतं. ही बाई फुलांसाठी साखरेचा लेप घोटते. लेपात जहर मिलवलं. बस."

त्रिंबकरावांनी गुलाब खिडकीकडे धरला. पांढरा, चिंचोक्याएवढ्या गाभ्याचा, कडक वाळलेला. पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या धारदार होत्या. एका पाकळीच्या पाठीवर अंगठ्याएवढा पिवळसर डाग होता. तेवढ्या जागी पाकळीतून उजेड दिसत होता.

"हा बबनरावांच्या तोंडात होता?"

"दातांत धरलेला. मी स्वतः काढला."

सावित्रीबाई कोठडीच्या कोपऱ्यात बसली होती. विधवेचं लाल आलवण, कपाळ उघडं. छावणीतल्या एका मडमेकडे ती वर्षानुवर्षं स्वयंपाकाला होती. केक भाजायला आणि त्यावर साखरेची वेलबुट्टी काढायला तिथंच शिकली. मडम विलायतेला गेली आणि हिची चूल थंड झाली.

"मंग बबनराव शेठनी बोलावलं," ती म्हणाली. "त्यांच्या दुकानात रेशीम, मणी, लोकर, भरतकामाचं सारं मिळतं. म्हणाले, आठवड्यातनं दोन दुपारी या आन बायकांना ही फुलं शिकवा. रुखवतात मांडायला नवी चीज हुईल. पैल्या दिशी एकच बाई आली, ती बी शेठच्या घरची. आता पाच हायती."

"केकवर करून दाखवता?"

"रोज केक कुठनं आणू? डबा पालथा घालायचा आन त्यावर फुलं काढायची. मांडायला, खायला न्हाई."

"लेप कशाचा करता?"

"साखर." ती थांबली. "लिंबू."

"आणखी?"

तिनं नजर खाली घातली. "आणखी काय असणार? तेलातुपाचं बोट तेवढं लागू द्यायचं न्हाई. लागलं की लेप बसतो, फुगत न्हाई, मंग किती बी घोटा. रिठ्यानं हात धुतल्याबिगर मी कुणाला बसू देत न्हाई. डोक्याला तेल चोपडून आलेली बाई मी परत धाडलीया."

"मंग आमाला काय तुमचा वर्ग जमायचा न्हाई," उत्तरेश्वर आपल्या चकचकीत मिशांवरून हात फिरवत म्हणाला.

सावित्रीबाई गजांपाशी सरकली. "उद्या मला न्हेतील. रुक्मिणीबाईंना म्हणावं, वर्ग मोडू नका."

दुकानाच्या पायरीशी पाण्याची घागर आणि तांब्या होता. बबनरावांचा धाकटा भाऊ शहादेव दारात उभा होता. वर चढणाऱ्या उत्तरेश्वरला त्यानं अडवलं.

"आधी हात धुवा. तेलकट हात रेशमाला लागला की माल गेला. दादाचा नेम हुता."

"तुझं दादाशी भांडण झालं होतं म्हणे," त्रिंबकराव हात धुता धुता म्हणाले.

"झालं हुतं की. पांढऱ्या कपाळाची बाई दुकानात कावून आणली? नवऱ्या पोरींचं रुखवत तिनं शिकवायचं? गाव काय म्हणतंय ते दादाला ऐकू येत नव्हतं. आता बघा."

"काल कुठं होतास?"

"वर्ग सुटला, बायका गेल्या, मी विठ्ठलाच्या देवळात भजनाला गेलतो. एकादशी हुती. दादा मागनं येतो म्हणला. आला न्हाई, म्हणून बघायला आलो तर..." त्यानं गादीकडे बघितलं नाही.

"दिवसभर काही खाल्लं होतं?"

"आमच्या घरात एकादशीला चूल पेटत न्हाई. दादा कडक माळकरी. संध्याकाळी शेजारच्या आश्रुबा हलवायाचा राजगिऱ्याचा लाडू तेवढा घ्यायचा. पण काल आश्रुबानं धाडलाच न्हाई म्हणतो."

त्रिंबकराव गादीपाशी वाकले. चादरीच्या सुरकुतीत हात घालून त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं आणि उपरण्याच्या टोकाला बांधलं.

"गुलाब कुठं असतात?"

"आतल्या खोलीत, वाळत घातलेले. दादाला चाखायची बुद्धी झाली असंल."

"दादा आतल्या खोलीत जायचे?"

"कवाच न्हाई. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचा. बायकांचा वर्ग म्हणून. वैनी तर वर्ग झाला की परसात अंघोळ करूनच घरात जायची."

आतली खोली थंड होती. पाटावर लेप पिळायचे कागदाचे कोन ओळीनं ठेवले होते. परातीत गुलाब वाळत होते आणि ओळीत एका गुलाबाची जागा रिकामी होती. भांडी वेगळ्या फडताळात होती. मागचं दार परसात उघडत होतं. परस दोन दुकानांचं एकच होतं. पलीकडे आश्रुबाच्या भट्टीचा धूर भिंतीला चाटून वर जात होता.

"ही जागा कुणाची?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"भट्टीची? आमचीच. दादानं त्याला सांगितलं हुतं, पाडव्यापातुर मोकळी कर. तिथं केक भाजायचं दादाच्या मनात हुतं."

परसाच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता. त्रिंबकरावांनी काडीनं तो उकरला. खोलवर पांढऱ्या, पातळ, बाकदार कपच्या निघाल्या.

"चुना हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

त्रिंबकरावांनी एक कपची नाकाशी धरली आणि तीही उपरण्यात बांधली. "रुक्मिणीबाई आणि सावित्रीबाई, दोघी सुटल्या," ते पुटपुटले.

"चुन्यानं?"

"चल, बत्तासा खाऊ."

आश्रुबा फळीवर बत्तासे सोडत होता. माणूस सुकलेला, डोळे धुरानं लाल. त्यानं शेजारच्या वाटीत अंगठा बुडवला, एक गरम बत्तासा सफाईनं उचलला आणि पुढं केला. त्याच्या कमरेच्या फडक्यावर तुपाचे जुने डाग होते.

"आधी तूप कशाला रे?" उत्तरेश्वर तोंड भाजत म्हणाला.

"साखर चिकटत न्हाई. बापानं शिकवलं. आता झोपेत बी सुटत न्हाई."

"बबनराव गेले, वाईट झालं," त्रिंबकराव म्हणाले.

"वाईटच. त्या बाईचं लई कौतुक चाललं हुतं. अवो, साखरच ती! घोटली की फेसाळती. बत्ताशाला आमी काय करतो? देखणं दिसलं, शेठला मोह पडला, टाकलं तोंडात."

"एकादशीला?"

"साखर उपासाला चालती की."

"आणि तुझा लाडू?"

आश्रुबाचा हात क्षणभर थांबला. "काल न्हाई धाडला. जो माझी भट्टी इझवतो, त्याला लाडू कावून द्यायचा?" तो हसला. भट्टीतला एक निखारा फुटला आणि तिघंही दचकले.

सूर्य कलला तेव्हा अमीनसाहेब सावित्रीबाईला घेऊन दुकानात आले. बाजार बाहेर जमला होता. कुणी ओरडलं, "अवदसा!" दाराच्या पडद्याआड रुक्मिणीबाई होत्या. त्रिंबकरावांनी शहादेव आणि आश्रुबा दोघांना बोलावून घेतलं होतं. दोघं पायरीशी हात धुऊन वर आले होते.

मध्ये गुलाबांची परात होती. शेजारी कढत पाण्याचं काशाचं भांडं.

"अमीनसाहेब, हात पुढं करा. शहादेव, यातला एक गुलाब साहेबांच्या हातावर ठेव."

शहादेवनं दोन बोटांनी गुलाब उपटला. पाकळी मोडली.

"सावित्रीबाई."

तिनं गुलाबाखाली सुरीचं पातं सरकवलं आणि न शिवता तो उतरवला.

"आश्रुबा."

आश्रुबा पुढं झाला. उजवा अंगठा कमरेच्या तुपकट फडक्यावर घासला आणि गुलाब अलगद उचलून अमीनसाहेबांच्या तळहातावर ठेवला. एकही पाकळी मोडली नव्हती.

"आता तो उलटा करा, साहेब."

एका पाकळीच्या पाठीवर अंगठ्याचा पिवळसर डाग पडला होता. अमीनसाहेबांनी खिशातला कागद उलगडून मेलेल्याच्या तोंडातला गुलाब त्याच्याशेजारी ठेवला. त्यावरही तसाच डाग, त्याच जागी.

"डाग कसला बी पडतो," आश्रुबा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"कसला ते पाणी सांगेल." त्रिंबकरावांनी मेलेल्याच्या तोंडातल्या गुलाबाचा डागाळलेला अर्धा भाग पाण्यात सोडला. साखर विरघळली. पाणी शांत झालं. मग पाण्यावर तुपाचा एक बारीक सोनेरी डोळा उघडला, त्याच्या शेजारी दुसरा.

अमीनसाहेब भांड्यावर वाकले.

"या बाईच्या खोलीत तुपाचा थेंब जात नाही. गेला तर फूलच होत नाही. या दुकानात तेलकट हात चालत नाही. या घरात काल चूलही पेटली नव्हती. मग वाळलेल्या फुलाला तूप लावलं कुणी? ज्याला साखर उचलण्याआधी अंगठ्याला तूप लावायची सवय आहे, त्यानं. आता हात धुऊन आला, तरी सवय फडक्यापाशी गेलीच."

"पण जहर?" अमीनसाहेब म्हणाले.

"जहर फुलात नव्हतंच. तोंडात साखर टाकली की कडा विरघळतात. या गुलाबाच्या कडा धारदार आहेत. तो दातांत ठेवला तेव्हा तोंडात ओल उरली नव्हती, साहेब. माणूस आधीच मेला होता." त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. तळहातावर राजगिऱ्याचा फुललेला दाणा होता. "हा गादीच्या सुरकुतीत सापडला. लाडू आला होता. तो खाऊन बबनराव आडवे झाले. मग आश्रुबा परसातून आत आला, लाडवाचा चुरा झाडून नेला आणि परातीतला गुलाब आणून दातांत ठेवला. मालकही गेला आणि शिकवणारीही जाणार. भट्टी राहिली असती."

आश्रुबा खाली बसला. तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

"माझ्या बापानं बांधलेली भट्टी," तो म्हणाला. "त्यात परक्याचं भाजणार हुते. शेठला हात जोडले. म्हणला, तू दुसरीकडं बांध. दुसरीकडं बाप कुठनं आणू?"

जवानांनी त्याला उठवलं. बाहेरचा बाजार मुकाट्यानं बाजूला सरला. मघाशी ओरडणारा कोण होता, ते कुणी सांगितलं नाही.

दुकान रिकामं झाल्यावर रुक्मिणीबाई पडद्याबाहेर आल्या. त्रिंबकरावांनी उपरण्यातली पांढरी कपची त्यांच्या हातावर ठेवली.

उत्तरेश्वर वाकून बघू लागला. "सकाळचा चुना?"

"अंड्याचं टरफल. अंड्यातला पांढरा बलक घोटल्याशिवाय या लेपाचं फूल उभं राहत नाही. ते वर्गातल्या पाच बायकांना ठाऊक होतं आणि बबनरावांना. म्हणून ते उंबरा ओलांडत नव्हते. कडक माळकरी माणूस, एकादशीला, अंड्याचं फूल तोंडात घालील? हे ज्याला ठाऊक होतं, तो असला पुरावा ठेवणारच नाही. ठेवणाऱ्याला वाटलं, नुसती साखर आहे."

उत्तरेश्वरनं आ वासला. "मंग हे मघाशी सगळ्यांम्होरं कावून न्हाई बोलला?"

"गरज पडली नाही."

रुक्मिणीबाईंनी मूठ मिटली. "त्यांनी सोता कधी शिवलं न्हाई. नुसती जागा दिली. पण लोकांनी ऐकलं असतं तर भजनी मंडळ दहाव्याला दारात उभं राहिलं नसतं. माळेला बट्टा लागला असता. सकाळी तेच सांगाया आलते. उंबरा ओलांडला, पण तोंड उघडंना. आन ती तिकडं कोठडीत बसून माझ्यासाठी गप्प."

"आणि गरज पडली असती तर?" त्रिंबकरावांनी विचारलं.

त्यांनी परसात जाऊन टरफल राखेत खोल पुरलं.

सुतक फिटल्यावर वर्गाचा दिवस आला. सावित्रीबाईनं पाट मांडले, डबे पालथे घातले, कोन भरले. पुढच्या दारानं कुणी आलं नाही. शेजारची भट्टी थंड होती. धूर नसल्यामुळे परस फार मोठं वाटत होतं.

मग मागच्या बाजूला रिठ्याच्या पाण्याचा आवाज झाला. रुक्मिणीबाई ओल्या, उघड्या मनगटांनी आत आल्या आणि पहिल्या पाटावर बसल्या.

"आज काय?" त्यांनी विचारलं. "गुलाब?"

सावित्रीबाईनं कोन उचलला, त्याचं टोक बघितलं आणि खाली ठेवून दुसरा घेतला.

"गुलाब नको," ती म्हणाली. "आज पानं करू."