येतो म्हणणाऱ्याला

संध्याकाळ झाली की ताईचा संगणक आपला आपण झोपी जायचा, आणि ही करामत ताईचीच होती. घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं तिचं काम, तेही पडद्यावर. एक चुकलेला अनुस्वार सापडला की पुढच्याचा मोह व्हायचा. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, दिवेलागणीला थांबला नाहीत तर वाचन विसरा. ताईनं गजर लावून पाहिले. पण गजराचं काय, कान पिळला की गप्प.

मग व्हिडिओ बघत बघत तिनं संगणकासाठी चार ओळींची सूचना लिहिली: सहा वाजले की हा आवाज वाजव आणि बंद हो. पहिल्या दिवशी ओळींचा क्रम चुकला. संगणक आधी बंद झाला, आवाज पोटातच राहिला. धाकटी बहीण खो खो हसली. "अगं ताई, हे म्हणजे मेल्यावर बोल म्हटल्यासारखं झालं," म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. कारण आवाज भावजींचा होता.

ताईचा नवरा गेल्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. कधीतरी ताई छापखान्यासाठी फोनवर निरोप रेकॉर्ड करत असताना तो कामाला निघाला होता, आणि त्याचं दारातलं "येतो गं" त्यात सापडलं होतं. मागोमाग दार ओढल्याचा आवाज, मग जिना उतरत विरून जाणारी पावलं. डाव्या चपलेचा पट्टा सैल, त्यामुळे एक पाऊल फट्‌ वाजायचं. शिवून घ्या म्हणून ताईनं तोंड दुखवून घेतलं होतं.

गजर झिडकारता येतो, निघालेल्या माणसाकडे पाठ कशी फिरवणार? रोज सहाला "येतो गं" ऐकू यायचं, ताई मान वर करून "या" म्हणायची, आणि पडदा काळा व्हायचा. तिचे डोळे निवले. ती खिडकीत बसून गुणगुणू लागली. घर पुन्हा दोघांचं वाटायला लागलं.

चुका शोधणं हाच धंदा, त्यामुळे बदल तिच्या लगेच लक्षात आला. पावलं विरेनाशी झाली होती. दुपारी तिनं तोच तुकडा मुद्दाम वाजवला, तर पावलं सरळ उतरून गेली. सहाला मात्र, तिनं "या" म्हटलं की, ती जिन्याच्या वळणावर थबकत.

काही दिवसांनी पावलं मागे वळू लागली.

ताई कुणाला काही बोलली नाही. पण एका संध्याकाळी बहीण शेजारीच बसलेली होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"ताई, ही पावलं चढतायत."

"हो."

"काढून टाक ते. निदान या म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? येतो म्हणणाऱ्याला कुणी जा म्हणतं का?"

"काहीच म्हणू नकोस. तू बोलावतेयस त्यांना." बहिणीनं वचन घेतलं, तेव्हाच उठली.

ताई वचनाला जागली. दुसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा पुसला आणि साधी घंटा बसवली. सहा वाजले. घंटा वाजली, पडदा काळा झाला. ताई काही बोलली नाही. आता यापुढे घर एकटीचं, एवढंच तिच्या मनात आलं.

मग जिन्यावर फट्‌ झालं.

संगणक बंद होता. स्पीकरचा दिवाही.

पावलं वळण ओलांडून वर आली. दाराशी थांबली.

काळ्या पडद्यात ताईला आपला चेहरा दिसत होता, आणि मागे दार.

"आलो गं."

ताईनं वळून पाहिलं नाही. डोळे पुसले, पदर सारखा केला.

"चपला बाहेरच काढा," ती म्हणाली.

बाहेर एक चप्पल पडल्याचा आवाज झाला. जरा वेळानं दुसरी, सैल पट्ट्याची.